मनगटाचं माप

रुचाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका नवरीच्या हातात चुडा भरत होते. रुचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुमीची, मुलगी. पुण्यात नोकरी करते. दीड वर्षात तिनं आपण होऊन मला फोन केला नव्हता, म्हणून नवरीचा हात एका हातात तसाच धरून मी फोन कानाला लावला. कशी आहेस, जेवलीस का, असलं तिनं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, आईच्या मनगटाचं माप काय असेल?"

मी सवयीनं "दोन-चार" म्हणाले. चाळीस वर्षं सोलापुरात बांगड्या विकते आहे. माणसाचं नाव विसरेन, माप विसरत नाही. पण रुचाला ते सेंटिमीटरमध्ये हवं होतं, आणि मुठीचं नाही, मनगटाचं. बांगडी मनगटात राहते पण चढते मुठीवरून, म्हणून आम्ही कासार मूठ मोजतो. मनगट कोणी विचारलं नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं, बारीकच आहे तिचं. रुचानं फोनमध्ये 'लहान' असं भरून टाकलं.

मग तिनं सगळं सांगितलं. पुण्यापासून दोन तासांवर एक मोठं मनोरंजन उद्यान आहे, तिथं तिला आईला न्यायचं होतं. आता तिथं नुसतं जाऊन तिकीट काढता येत नाही. दिवस आधी ठरवायचा, कोणत्या पाळण्यात किती वाजता बसणार तेही आधी ठरवायचं, जेवण किती वाजता तेसुद्धा. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधतात आणि दिवसभर तो पट्टाच सगळं बघतो. सुमी म्हणाली होती, अक्का आली तर येते, म्हणून मला बोलावणं. रुचाचा आवाज कोरडा होता, आणि तो तसा का हे मला ठाऊक होतं.

दीड वर्षापूर्वी सुमीचे यजमान, दिगंबरराव, आजारपणात गेले. त्या दिवशी सुमीच्या हातातल्या बांगड्या मी काढल्या. बायकांनी मलाच पुढं केलं, कारण फोडल्या तर काच लागते, आणि मी एकही न फोडता उतरवते. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणतही नाहीत, वाढवली म्हणतात. रुचा दारात उभी होती. ती म्हणाली, "मावशी, आईला विचार तरी." मी म्हणाले, ही काय विचारायची वेळ हाय का? आणि तेलाचा हात लावून चौदाच्या चौदा बांगड्या उतरवल्या. शेवटची निघाल्यावर रोजच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "दुखलं का गं?" गिऱ्हाइकाला मी हेच विचारते. सुमीनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

तेव्हापासून सुमीचे हात मोकळेच आहेत. आमच्या गल्लीतल्या किती तरी जणी नवऱ्यामागं पुन्हा बांगड्या घालायला लागल्या. त्यांच्या हातात मीच भरते आणि बरं वाटतं. सख्ख्या बहिणीला मात्र 'ये, बस' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ती आपण होऊन मागेल म्हणून मी थांबले, आणि ती बहुतेक मी विचारीन म्हणून. मला लाज वाटत होती, हे आता लिहून टाकते.

पहिला दिवस: दारापर्यंत

रेल्वेचा प्रवास लिहिण्यासारखा काही झाला नाही. सुमी खिडकीशी बसली होती, हात पदराखाली. मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा असं तिघींना पुरून उरेल एवढं बांधून घेतलं होतं. सोलापूरचा माणूस घराबाहेर पडला की चटणी आधी पिशवीत जाते. रात्री रुचाच्या खोलीवर मुक्काम केला. खोली नीटनेटकी होती, पण घरात आरसा आणि मोबाइल सोडून बघण्यासारखं काही नव्हतं. रुचा माझ्याशी गरजेपुरतं बोलत होती. चहात साखर किती, आंघोळीला गरम पाणी काढू का, एवढंच.

दुसरा दिवस, सकाळ

दारावर मला वाटलं होतं माणसांचा लोंढा असेल. तसं काहीच नव्हतं. आमची आत जायची वेळ साडेनऊ ते पावणेदहा होती आणि त्या वेळेला तीच वेळ मिळालेली मोजकी माणसं होती. मला आमची गड्ड्याची जत्रा आठवली. संक्रांतीला होम मैदानावर पाळणे लागतात तेव्हा आत शिरायचं तर कोपरं वापरावी लागतात. कोणाच्या तरी पोराचा हात चुकून आपल्या हातात येतो, मग त्याची आई शोधायची. इथं प्रत्येकाला आपली जागा दिली होती. कोणाला कोणाचा धक्का लागत नव्हता आणि म्हणून कोणी कोणाशी बोलतही नव्हतं.

पिशव्या तपासणाऱ्यानं माझा डबा उघडला, वास घेतला आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाला. मी म्हणाले, बाबा, हे बाहेरचं न्हाय, घरचं हाय. तो हसला, पण डबा कपाटात ठेवायला लागलाच. त्या कपाटाला कुलूप नव्हतं. मनगटाचा पट्टा लावला की दार उघडायचं.

त्या आधी पट्टे बांधायचे होते. टेबलामागं एक मुलगी होती, हातात पातळ मोजे घातलेले. रुचानं हात दिला, मी दिला. पट्टा रबरासारखा मऊ, करंगळीएवढा रुंद, वर हिरवा ठिपका लुकलुकतो. टक् असा आवाज आला की बसला. मुलीनं सांगितलं की आता तो संध्याकाळी बाहेर पडताना कापूनच निघेल. मग तिनं सुमीला म्हटलं, काकू, हात द्या. सुमीचा हात पदराखालून येईना. मागची माणसं थांबली होती. रुचा आईकडं बघत होती आणि मी जमिनीकडं. मुलीला कशाचा पत्ता नव्हता, ती बिचारी हात पसरून उभी. अखेर सुमीनं डावा हात पुढं केला, आणि टक् असा आवाज झाला. तिनं मनगट उलटसुलट करून पट्टा बघितला आणि मला म्हणाली, "जड न्हाय गं काही."

आत गेल्यावर मी माझ्या सवयीनं सगळ्यांची मनगटं बघत फिरले. पट्टा थरथरला की माणूस थांबतो, हात वर करतो, ठिपक्याकडं बघतो आणि दिशा बदलतो. पोरं, म्हातारी, नवी जोडपी, सगळी आपल्या मनगटाकडं टक लावून. एवढ्या कौतुकानं मनगटाकडं बघणारी माणसं मी फक्त माझ्या दुकानात बघितली आहेत, पण तिथं निदान एक दुसरीला विचारते, कशी दिसते गं?

रुचाच्या फोनमध्ये उद्यानाचा नकाशा होता आणि त्यात आम्ही तिघी तीन ठिपके. वर नावं. पन्नाशीपुढच्या माणसांच्या पट्ट्यात छातीचे ठोकेही दिसतात, म्हणजे माझे आणि सुमीचे. हरवायची भीती नाही, चक्कर आली तर धावून येतात. हे चांगलंच आहे आणि मी ते नाकारणार नाही. गड्ड्यावर एकदा सुमी हरवली होती, सहा वर्षांची असेल. आई रडत फिरली आणि सुमी कुठं सापडली तर मोठ्या पाळण्याच्या खाली, मान वर करून उभी.

पाळण्याचं तिचं वेड तेव्हापासूनचं. दर वर्षी जत्रेत आमच्या बापाचं बांगड्यांचं पाल असायचं आणि आम्ही दोघी गिऱ्हाइकात. मोठा पाळणा पालाच्या मागंच फिरायचा. आम्हाला त्याचे दिवे दिसायचे, ओरडणं ऐकू यायचं, पण उठायची सोय नव्हती; संक्रांतीत कासाराच्या पोरीला कुठली सवड? लग्नानंतर दिगंबरराव तिला दर जत्रेला म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. म्हणून रुचानं महिनाभर आधी, पहाटे उठून, या उद्यानातल्या आकाशपाळण्याची संध्याकाळी पाच वीसची वेळ धरली होती. सूर्य मावळतीकडं झुकताना वरून सगळं दिसतं, म्हणून त्या वेळेसाठी झुंबड असते. ती झुंबड आपल्याला दिसत नाही एवढंच. वाट बघणं काही संपलेलं नाही, ते आता घरी करून यायचं असतं.

दुपार

जेवणाची आमची वेळ एक दहा होती. थाळी बरी होती, भाकरी नव्हती. शेजारच्या टेबलावर एका बाईनं पर्समधून हळूच लोणच्याची पुडी काढली आणि आमच्याकडं बघून ओशाळली. मला तिला माझ्या कपाटातली चटणी द्यावीशी वाटली. पण तोवर तिचा पट्टा थरथरला आणि ती उठलीच.

सुमी दुपारी थोडी बोलायला लागली. पाण्यातल्या होडीत बसली, पाणी उडालं तेव्हा तिनं रुचाचा दंड धरला आणि सोडला नाही. मी समोरच्या बाकावर होते. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिला दात दिसतील असं हसताना पाहिलं. दर थोड्या वेळानं ती विचारायची, किती वाजले गं, पाच वीसला किती राहिले?

चार चाळीस

आता जे सांगायचं ते सांगते. ऊन लई होतं. आम्ही दोघी तोंड धुवायला गेलो, रुचा बाहेर थांबली. सुमी बेसिनवर हात धूत होती आणि मला तिच्या मनगटावर पट्ट्याच्या कडेनं उठलेला लाल वळ दिसला. हात सुजले होते. मागाहून कळलं की रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिचे हात सुजतात. मला ते माहीत नव्हतं. दीड वर्षात मी तिचा हात हातात घेतलाच नव्हता, आणि रुचाला सांगितलेलं माप जुनं होतं.

वळ दिसला आणि माझे हात आपोआप कामाला लागले. साबण घेतला, तिच्या हातावर चोळला, अंगठ्याचं हाड आत दाबलं, चार बोटं एकत्र धरली आणि पट्टा उतरवला. कापूनच निघणार होता तो पट्टा, पण चाळीस वर्षांच्या हाताला तो काय दाद देणार? वाटलं, जरा वारा लागू दे, दोन मिनिटांनी परत चढवू. मी तिला विचारलं नाही. तिनं हात दिला फक्त.

पट्टा माझ्या तळहातावर होता. हिरवा ठिपका लाल झाला आणि मग विझला.

बाहेर रुचाच्या फोनमधला एक ठिपका गेला होता. ती घाबरून धावत आत आली, आईला काही झालं की काय म्हणून. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या पट्ट्याकडं. सुमीचं मनगट ओलं आणि मोकळं. रुचा ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, पुन्हा तूच?"

मी दोन्ही वेळेला भलंच करायला गेले होते, दोन्ही वेळेला न विचारता.

सुमीनं नळ बंद केला. "तिला बोलू नगं," ती म्हणाली. "तिनं ओढला न्हाय. हात मीच दिला होता. तवाबी आन् आत्ताबी."

मदतीच्या खिडकीवर एक पोरगी बसली होती, आमच्या सोलापूरकडच्या वैराग गावची. माझं बोलणं ऐकून तिनंच विचारलं, तुमी सोलापूरच्या का? तिनं समजावून सांगितलं की लोक आपला पट्टा काढून दुसऱ्याला देतात, म्हणून पट्ट्याला कातडी लागेनाशी झाली की तो मरतो आणि त्यावरच्या वेळा सुटतात. नवा पट्टा लगेच मिळेल, पण पाच वीसची जागा सुटल्या सुटल्या कोणीतरी धरली होती. दिवसभराच्या बाकीच्या जागा महिन्यापूर्वीच भरलेल्या. मी तिला विचारलं, रांग कुटं हाय? रांगेत उभं राहतो की आमी. ती म्हणाली, "रांगच न्हाय हो काकू आता."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. रांग असती तर मी सगळ्यांत मागं उभी राहिले असते, पुढच्याच्या हातापाया पडले असते, बहिणीची गोष्ट सांगितली असती. कोणीतरी पुढं जा म्हणालं असतं, गड्ड्यावर म्हणतात. इथं ज्यानं सुमीची जागा घेतली तो कोण, कुठं बसलाय, त्याला तोंडच नव्हतं.

मग मी माझा हात खिडकीवर ठेवला आणि म्हणाले, माझी पाच वीसची हिला दे. पोरीनं पडद्यावर बघितलं. म्हणाली, एका घरातली वेळ बदलता येते, पण मग तुमाला बसता येणार न्हाय, चालंल का? मी म्हणाले, मी आयुष्यभर पाळण्याखालीच बसलीय. रुचा माझ्याकडं बघत होती. वैरागच्या पोरीनं सुमीला मधल्या मापाचा पट्टा काढून दिला. बांधायच्या आधी तिनं विचारलं, "बांधू का, काकू? आवळत न्हाय नव्हं?" मी ते ऐकलं. पोरीची मूठ बारीक, दोन-दोनची, आणि मनगट इथल्या नोकरीच्या नियमानं बांगडीविना.

पाच वीस

पाळणा एवढा उंच होता की वरची पेटी बघायला मला बाकावर मान टेकवावी लागली. आत जाताना रुचा मागं आली आणि तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "वर फोन नको मला," ती म्हणाली. "आईचे ठोके दिसतील, बघ." एवढंच.

मी बघत बसले. सुमी, ब्याण्णव. पेटी सुटली, एकशे दोन. अर्ध्यावर गेली, एकशे अठरा. मी कितीदा तरी मनगट हातात धरून नवऱ्या मुलींचे ठोके अंगठ्याखाली ऐकले आहेत. घाबरलेली कोण, आनंदलेली कोण, हे कळतं. आकड्यावरून काही कळत नव्हतं. मला तिचा हात हातात हवा होता. पेटी अगदी वर जाऊन थांबली. उन्हं तांबडी झाली होती, काच चमकत होती, आत कोण आहे दिसत नव्हतं. आकडा उतरायला लागला. शंभर, नव्वद, ब्याऐंशी. अठ्ठ्याहत्तरवर थांबला आणि तिथंच राहिला. तेव्हापासून पेटी खाली येईपर्यंत मी फोनवरून नजर काढली नाही.

खाली आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? सुमी म्हणाली, वर आवाज येत न्हाय गं कशाचा. आणि मग म्हणाली की त्यांना आवडलं असतं. रुचानं फोन घेताना माझी बोटं क्षणभर धरून ठेवली.

बाहेर पडताना एक माणूस छोट्या कात्रीनं पट्टे कापून टोपलीत टाकत होता. टोपली भरत आली होती. माझा कापला, रुचाचा कापला. सुमीनं हात मागं घेतला आणि विचारलं, राहू दे का? तो म्हणाला, राहू द्या, पण दार लागल्यावर हा काही कामाचा नाही. सुमी म्हणाली, चालतंय की.

पट्टे कापायच्या आधी कपाटातून काढून घेतलेली भाकरी-चटणी आम्ही वाहनतळावर उभ्याउभ्या खाल्ली. दही आंबलं होतं.

सोलापूर

परत येऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. सुमी आली. एरवी ती आत माझ्या बाजूला येऊन बसते. त्या दिवशी ती समोर, गिऱ्हाइकाच्या जागी बसली आणि गादीवर डावा हात ठेवला. विझलेला पट्टा अजून हातात होता. पदर बाजूला सारलेला.

मी तिच्या हाताकडं बघितलं, आणि या वेळी विचारलं. "काढू का?"

"काढ," ती म्हणाली. "कापू नगं."

साबण लावून मी पट्टा हळू उतरवला आणि बाजूला ठेवला. तिची मूठ मिटवून माप घेतलं. दोन-चार आता होत नव्हतं, दोन-सहा लागणार होतं. रंग कोणता म्हणून विचारलं तर तिनं आभाळी दाखवला. मी पहिली बांगडी बोटांवर धरली, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि बांगडी हाडावरून अलगद आत गेली. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "दुखलं का गं?"

सुमी बांगडीकडं बघत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "तवा दुखलं होतं, अक्का."

मी तिचा हात सोडला नाही. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा होता, त्यानं पुसले आणि दुसरी बांगडी उचलली.